चोराच्या हाती पखाल

पहिल्यांदा खटकलं ते अगदी बारीक होतं. बिराजदार आप्पांनी माझ्या टेबलावरचं पेन उचललं, सही केली आणि पेन स्वतःच्या खिशाला लावून ते चालू पडले.

आता तुम्ही म्हणाल, पेनाचं काय एवढं! पण आप्पांना ओळखणारा माणूस असं म्हणणार नाही. आप्पा म्हणजे आमच्या दूध सोसायटीच्या टेंपोचे ड्रायव्हर. रस्त्यात कुणाच्या गाडीतनं पडलेली कडब्याची पेंढी दिसली, तर टेंपो थांबवून, मालक शोधून, त्याच्या हातात देऊन मग पुढं जाणारा माणूस. मी म्हणाले, "आप्पा, माझं पेन." तर डोळा बारीक करून म्हणाले, "कसलं पेन? म्या चोर हाय आता!"

मी दचकले. मी तशी कशानंही दचकते. फोन वाजला तर दचकते, ट्रकचा हॉर्न वाजला तर दचकते, कुणी मागून "मंगलताई" म्हटलं तरी दचकते. पण हे दचकणं निराळं होतं.

असले किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. दुष्काळात आमच्याकडं रिकाम्या दूध-कॅनांची एकावर एक चळत चढत गेली, तसे ते चढत जातात. मग एक दिवस चुकून हात लागतो आणि सगळी चळत खडखडाट करत अंगावर येते. ही घ्या ती चळत.

*

उमरग्याच्या बाहेर, हैदराबादकडं जाणाऱ्या हायवेला लागून आमचं शीतकरण केंद्र. गावोगावचं दूध इथं येतं, तपासलं जातं, थंड होऊन पुढं जातं. म्हणजे, जायचं. त्या साली सलग दुसऱ्यांदा पाऊस फिरकला नाही. जनावरं छावणीत गेली. सास्तूरपासून भरून येणारा टेंपो आधी अर्धा, मग पाव, मग नुसताच वाजत यायला लागला. सकाळीच काम संपायचं. मग संध्याकाळपर्यंत एकमेकांची तोंडं बघायची आणि केंद्र बंद होणार का, याच्या अफवा चघळायच्या.

तेवढ्यात डबा आला.

शकूरभाई आमचे मशीनवाले. दूध थंड करणारा अमोनियाचा कॉम्प्रेसर त्यांच्या ताब्यात. त्या भागात बोअर पाडायला एक मोठं यंत्र आलं होतं आणि त्याच्यासोबत एक गोरा पोरगा. यंत्र बिघडलं की तो शकूरभाईंकडं यायचा. काम संपून जाताना तो त्यांना एक पुठ्ठ्याचा डबा देऊन गेला. झाकणावर राक्षसाचं चित्र. आत एक इंग्रजी पुस्तिका आणि चौकोनी सोडून बाकी सगळ्या आकारांचे फासे.

बी.ए.ला इंग्रजी घेतलेली केंद्रात मी एकटी. त्यामुळं वाचायचं काम माझ्याकडं आलं, आणि वाचलं म्हणून सूत्रधारही मीच झाले. खेळ असा होता, की टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकानं एक पात्र व्हायचं आणि सगळ्यांनी मिळून एक टोळी करून मोहिमेवर जायचं. सूत्रधारानं सांगायचं, पुढं काय दिसतंय. पात्रांनी सांगायचं, आम्ही काय करतो. जमलं की नाही, ते फासा ठरवणार.

आणि प्रत्येक पात्राचा एक 'कल' आधी ठरवायचा. भला की बुरा? नियमानं चालणारा की मनाला येईल तसं वागणारा? एकदा ठरवला की तसंच वागायचं.

पुस्तिकेत पुढं एक वाक्य होतं. एकाच टोळीतल्यांचे कल जुळत नसतील, तर सूत्रधारानं सांभाळून घ्यावं. कसं, ते लिहिलं नव्हतं!

*

कल निवडायचा दिवस.

गायकवाड सर आमचे दूध तपासनीस. दुधातलं फॅट काढतात. स्वतःच्या सख्ख्या चुलत्याचं दूध आंबट निघालं म्हणून परत पाठवणारा माणूस. ते म्हणाले, "मी भला आणि नियमाचा. कोतवाल." त्यावर कुणाचा आक्षेप असायचं कारणच नव्हतं.

शैला माझ्या शेजारच्या टेबलावर. इतकी मवाळ, की खुर्चीला पाय लागला तरी खुर्चीला नमस्कार करते. ती लोकरीचं विणकाम खाली न ठेवता म्हणाली, "मी राणी. मनाला येईल तसं वागणारी. आणि थोडी बुरी चालेल का?"

"किती बुरी?"

"बघू. कसं जमतंय तसं."

शकूरभाई म्हणाले, "मैं बीचमें. न भला, न बुरा. मशीन गरम झालं की थंड करायचं, लई थंड झालं की बंद करायचं. हकीम लिहा."

आप्पा गप्प बसले होते. वयानं सगळ्यांत मोठे, कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग. मला वाटलं साधू होतील. आप्पा म्हणाले, "म्या चोर. पुरा बुरा. जल्मभर सरळ गाडी चालवली पोरी, आता जरा वाकडं वळण घिऊन बघू दे की!"

सोंगट्या नव्हत्या, म्हणून फॅट काढायच्या नळ्यांची जुनी रबरी बुचं घेतली. चोराच्या बुचाला आप्पांनी स्वतः काळं ग्रीस फासलं.

*

पुस्तिकेतल्या मोहिमेत बर्फाचे डोंगर होते. तो बेत लगेच बारगळला. मग मी माझं एक राज्य रचलं. तिथं पाऊस पडत नाही. डोंगरात एक झरा आहे आणि त्याच्यावर एक राक्षस बसलाय. टोळीनं जाऊन झरा मोकळा करायचा.

अडचण एकच होती, राक्षसाचा आवाज मला काढायचा होता. आणि माझा आवाज हा असा! वजनकाट्यावर गावकऱ्यांना नावानं पुकारायचं असलं, तर मी शकूरभाईंना पाठवायची.

पहिला राक्षस गुहेतून बाहेर आला. मी घसा साफ केला, डोळे मिटले आणि म्हणाले, "थांबा... कृपया."

कोतवाल अदबीनं पुढं झाले. "बोला. काय काम होतं आपलं?"

*

शकूरभाईंचा हकीम हे सूत्रधाराचं सगळ्यात मोठं दुखणं. एकदा मोठी लढाई जुंपली. कोतवाल जखमी, राणी जखमी, राक्षसाचा एक हात तुटलेला. मी विचारलं, "हकीम काय करतो?"

"मलमपट्टी."

"कुणाची?"

"सबकी. लाईनीनं."

"अहो, राक्षसाची पण?"

"मॅडम, पेशंट हाय तो! हकीमाच्या दारात आल्यावर जात बी इचारायची नाय आन् शिंगं बी मोजायची नायत."

फासा टाकला. सगळ्यांत चांगली पट्टी राक्षसाला बसली. त्यानं उठून पुन्हा कोतवालांना हाणलं. हकीम शांतपणे म्हणाले, "चला, पुढचा पेशंट कोण?"

*

शैलाची राणी दिवसेंदिवस रंगात येत होती. एका दुपारी टोळीनं राक्षसाचा हेर पकडला. कोतवाल म्हणाले, याला कायदेशीर चौकशीशिवाय हात लावायचा नाही. चोर म्हणाला, याचे कपडे माझ्या मापाचे हायत. राणीनं एक टाका उलटा घेतला आणि गोड आवाजात म्हणाली, "याला मुंग्यांच्या वारुळावर बसवा. वरून गूळ टाका. आणि गाव पेटवून द्या."

"गाव का?" मी घाबरून विचारलं.

"मला सकाळपासून कंटाळा आलाय."

आम्ही वळून बघितलं, तर दारात शैलाचा नवरा, हातात विसरलेला जेवणाचा डबा घेऊन! त्यानं डबा टेबलावर ठेवला, मागं मागं सरकत पायरीपर्यंत गेला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी शैला म्हणाली, "काय झालंय कळत नाही गं. आज सकाळचा चहा ह्यांनीच केला!"

*

चेअरमनसाहेब अचानक तपासणीला आले, तो किस्सा उमरग्यात अजून सांगतात. व्हरांड्यात पाय ठेवला आणि आतून आप्पांचा आवाज, "मारून टाकू, प्रेत बारवत टाकू, कुणाला पत्ता लागायचा न्हाय!"

साहेब आत आले. आम्ही सगळे उभे. माझ्या हातातला फासा सुटून त्यांच्या बुटापाशी गेला. मला रडू यायच्या बेतात होतं, पण लपवालपवी केली असती तर डबा कायमचा गेला असता. म्हणून मी सगळं खरं खरं सांगितलं. कल, टोळी, झरा, राक्षस, सगळं.

साहेबांनी खुर्ची ओढली. "मलाही द्या एक पात्र."

"साहेब, आधी कल सांगावा लागतो. भला की बुरा?"

ते बराच वेळ विचार करत राहिले. मग टेबलाभोवती एकेकाकडं बघून म्हणाले, "बहुमत कुणीकडं आहे?"

*

खरी कटकट होती ती कोतवाल आणि चोराची. चोर कुणाची चोरी करणार? राक्षस दूर, गावं ओसाड. मग तो टोळीतल्याच माणसांचं पळवायला लागला. कोतवाल त्याला अटक करायचे, चोर सुटायचा, आणि मोहीम तिथंच!

आता आपल्याकडं कल जुळत नसले तर काय करतात? सभा घेतात. गायकवाड सरांनी रीतसर ठराव मांडला. चोरानं टोळीच्या सभासदाकडं चोरी करायची झाल्यास आदल्या दिवशी लेखी नोटीस द्यावी. शैलानं अनुमोदन दिलं. ठराव पास. चोरानंही हात वर केला.

दुसऱ्या दिवशी कोतवालांना नोटीस मिळाली. उद्या तुमची तलवार चोरणार. खाली सही, चोर.

कोतवाल सावध. जेवताना तलवार मांडीवर, झोपताना उशाखाली. दिवस गेला, तलवार जागेवर! कोतवाल हसून म्हणाले, "काय चोर, हरलात ना?"

"तुमचा दोर कुठाय, साहेब?"

कोतवालांचा चोर बांधायचा दोर गायब! "हा नियमभंग आहे!" गायकवाड सर उभेच राहिले.

आप्पा म्हणाले, "नोटीस तलवारीची व्हती. दोराचं कुठं काय लिवलं व्हतं?"

गायकवाड सरांनी नोटीस पुन्हा वाचली. नियम म्हणजे नियम. खाली बसले. मग एकदम इतके हसले, की डोळ्यांतून पाणी आलं. त्या दिवशी दोघं एकाच टेंपोत बसून, एकाच डब्यातलं खात घरी गेले.

*

मग ओसाड माळ आला. झऱ्याच्या आधीचा शेवटचा टप्पा. तिथं मी टोळीला पाण्याची एक पखाल दिली, एवढी मोठी चामड्याची पिशवी. एकच. पुढं पाणी नाही. मग पखाल कुणाकडं ठेवायची?

निवडणूक लागली. गायकवाड सरांनी स्वतः नाव सुचवलं, "बिराजदार आप्पा." शैलाचं अनुमोदन. शकूरभाई म्हणाले, "हौ, हौ." बिनविरोध!

मी हळूच म्हणाले, "अहो, पण ते चोर आहेत ना?"

सगळे माझ्याकडं असे बघायला लागले, की मी खुर्चीतच लहान झाले. गायकवाड सर म्हणाले, "मॅडम, आप्पांबद्दल असं बोलवतं तरी कसं तुम्हाला?"

*

आता पुढचं हसण्यासारखं नाही. पण ते मधेच आहे, गाळता येत नाही.

चोर पखालीवर बसला. पाणी हवं तर काहीतरी द्या. राणीनं मुकुट दिला. हकीमानं मलम दिलं. कोतवाल तलवार सोडायला तयार नव्हते आणि द्यायला दुसरं काही नव्हतं. मी फासा टाकला, तो वाईट पडला. कोतवाल तहानेनं गुडघ्यावर आले.

"पाणी," गायकवाड सर म्हणाले. छान म्हणाले, अगदी घसा कोरडा पाडून.

आप्पा रंगात होते. त्यांनी टेबलावरचा पाण्याचा तांब्या उचलला, हात उंच केला आणि चोराच्या खरखरीत आवाजात ओरडले, "ए! लांब हो! तिथंच ओंजळ धर. वरनं ओततो!"

शैला हसायला लागली आणि अर्ध्यातच थांबली.

गायकवाड सर तांब्याकडं बघत होते. मग त्यांनी आपलं बूच टेबलावरून उचललं आणि खिशात टाकलं. "माझी आजी अशीच ओंजळ धरून विहिरीच्या कडेला बसायची," ते म्हणाले. "कुणी वरनं ओतेल म्हणून. दुपारपर्यंत बसायची." आणि नळ्या धुवायला आत निघून गेले.

आप्पांचा हात तांब्यासकट वरच राहिला होता. "म्या तर... म्या तर चोराचं बोल्लो," ते म्हणाले.



*

दुसऱ्या दिवशी माझं पेन माझ्या टेबलावर परत आलेलं होतं.

पेन गेलं तेव्हा मी नुसती दचकले होते. ते परत आलं तेव्हा मला खरी भीती वाटली.

आप्पा चहा टेंपोतच प्यायला लागले. दूध उतरवायचे, सही करायचे, परत गाडीत. गायकवाड सर तपासायचे, आकडा सांगायचे. एका डब्यात जेवणारी ही दोन माणसं! दुष्काळानं आमचं दूध नेलं होतं, कुणाची जनावरं नेली होती. उरली होती ती ही टेबलाभोवतीची मंडळी. तीही आता चालली होती. कारण शनिवारी कळलं, की आप्पांनी चेअरमनसाहेबांकडं दुसऱ्या केंद्रावरची गाडी मागितली आणि साहेबांनी दिलीसुद्धा. सोमवारपासून ते जाणार.

मी भित्री आहे, पण चिवट आहे. आधी गायकवाड सरांकडं गेले. "सर, आप्पांच्या मनात तसं काही नव्हतं."

ते नळी उजेडात धरून बघत होते. "मला ठाऊक आहे, मॅडम. तुमच्याहून जास्त ठाऊक आहे. पण ते वाक्य त्यांना शोधावं लागलं नाही. जिभेवर तयारच होतं. मला लागलं ते तेवढंच."



मग टेंपोपाशी गेले. "आप्पा, जाऊन बोला ना त्यांच्याशी."

"काय बोलू, पोरी?" स्टीअरिंगवर दोन्ही हात ठेवून, काचेतून समोर बघत आप्पा म्हणाले. "चोर बोल्ला म्हणून सांगू? तोंड तर माजंच व्हतं. आमच्या गावच्या हिरीवर ल्हानपणी म्या ते रोज ऐकल्यालं. तवा काय वाटलं न्हाय. आता वाटतंय. हे कसं सांगायचं असतंय?"

"असंच सांगायचं."

"न्हाय जमत." त्यांनी काच वर केली.

पुस्तिकेत लिहिलं होतं, सूत्रधारानं सांभाळून घ्यावं. कसं, ते लिहिलं नव्हतं. मी ठरवलं, आजच. सोमवारी कुणाला सांभाळणार?

*

दुपारी मी खेळाचा डबा काढला. शैला आणि शकूरभाई आले. गायकवाड सर दारात उभे. "मी खेळत नाही."

"सर, डाव अर्धा टाकून डबा बंद करता येत नाही. नियम आहे."

असा नियम पुस्तिकेत आहे की नाही, ते मी इथं सांगणार नाही. पण 'नियम' म्हटल्यावर सर आत आले आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसले. चोराच्या खुर्चीवर कुणी बसलं नाही. काळं बूच डब्यातच होतं. खिडकी उघडी होती आणि अंगणात, लिंबाच्या सावलीत, टेंपो उभा होता. आप्पांचं कोपर तेवढं दिसत होतं.

"आज सूत्रधार शकूरभाई," मी म्हणाले. "मी खेळणार."

"तू?" शैलाच्या सुया थांबल्या. "कोण होणार?"

"माळावरची एक पोर. पाणी शोधायला निघालेली."

"कल काय तिचा?"

"भित्री."

"असा कल नसतो."

"आता आहे."

शकूरभाईंनी फासा टाकला. आकडा बघून ते हळहळले. "मॅडम, पोरीचा पाय घसरला. बारवत पडली. बारव कोरडी हाय, खोल हाय. वर यायच्या पायऱ्या ढासळल्यात. आता काय करती पोर?"

मी टेबलावर खडूनं बारव काढली. "हाक मारते."

"मारा मग."

"कुणी आहे का वर?" मी म्हणाले.

शकूरभाईंनी मान हलवली. "नक्को. हे तर मला बी ऐकू आलं नाय. बारव खोल हाय म्हणालो न मी."

मी पुन्हा मारली, जरा मोठ्यानं. शैला म्हणाली, "राणीनं ऐकली. पण राणी काही कुणाला स्वतः ओढून काढत नाही." आणि तिनं गायकवाड सरांकडं बघितलं. शकूरभाईंनीही बघितलं. मी बघितलं नाही. मी बारवेत होते.

आत कॉम्प्रेसर घुमत होता. मग सरांनी खिशात हात घातला. बूच काढलं. टेबलावर, मी खडूनं काढलेल्या बारवेच्या काठाशी ठेवलं.

"कोतवालानं ऐकली," ते म्हणाले. "कोतवाल उतरायला तयार आहे. पण दोराशिवाय बारवेत उतरायचं नाही."

"मग दोर कुठाय?" शैलानं विचारलं.

"दोर चोराकडं आहे. तलवारीची नोटीस देऊन माझाच नेला होता त्यानं."

 सर डब्यातल्या काळ्या बुचाकडं बघत होते. मग त्यांनी ते चिमटीत धरून उचललं. बोटांना ग्रीस लागलं. ते त्यांनी आपल्या बुचाशेजारी ठेवलं, काठाला लागून.

"त्यालाच हाक मारा, मॅडम. माझा आवाज बसलाय."

मी उठून खिडकीपाशी जायला लागले, तर शकूरभाईंनी हात आडवा घातला. "पोर बारवत हाय. खिडकीत कशी जाईल? बसल्या जागी मारा. पण खरी मारा." आणि ते स्वतः उठले, आत गेले आणि त्यांनी कॉम्प्रेसर बंद केला. टाकीत दूध असं कितीसं होतं!

इतकी शांतता त्या केंद्रात मी कधी ऐकली नव्हती.

"चोरा!" मी हाक मारली. आवाज खिडकीपर्यंत गेला असेल, नसेल. कोपर तसंच होतं.

"ए चोरा! दोर आण!" हायवेवरनं एक ट्रक गेला. त्यात ती हाक गेली.

मी खुर्चीचे दोन्ही हात धरले. छातीत मावेल तेवढी हवा घेतली. आणि वजनकाट्यावर, व्हरांड्यात, घरी, कॉलेजात, आजवर कुठंच मारली नव्हती अशी हाक मारली. "चोरा-ऽ-ऽ! आम्ही सगळे इथंच आहोत! दोर घेऊन ये-ऽ-ऽ!"

माझ्याच आवाजानं मी दचकले. शैलाच्या मांडीवरचा लोकरीचा गुंडा खाली पडला आणि घरंगळत दारापर्यंत गेला.

अंगणात टेंपोचं दार धाडकन वाजलं.

"आलो, आलो! दम धर, पोरी! दोर हाय माज्याकडं! पर कोतवालसाहेबांना इचार, येक टोक धरत्याल का? मला एकट्याला न्हाय वडवत!"